पाऊण इंच

“आता डीम लावा,” मेस्त्री सांगतात.

गाडीत बसलेला पोरगा बटण फिरवतो. शटर खाली ओढलेलं आहे, त्यामुळे शेडमध्ये सकाळच्या साडेनऊलाच तिन्हीसांज झालीय. शटरच्या पत्र्यावर उजेडाची एक स्वच्छ कड उमटते. खाली दुधाळ प्रकाश, वर काळोख. मेस्त्री खिशातून खडू काढतात, त्या कडेवरून डावीकडून उजवीकडे रेघ ओढतात, टोकाला ‘आदी’ असं लिहितात, मान तिरकी करून वाचतात, आणि ‘दी’ पुसून ‘धी’ करतात.

“ही रेघ ध्यानात ठेवा. दुपारच्याला लागंल.”

शटर वर जातं आणि पुणे-बंगळूर हमरस्ता एकदम आत घुसतो. हॉर्न, धूळ, उसाच्या रसवंतीचा घुंगरू, एमआयडीसीतली रात्रपाळी सुटून घरी निघालेल्या दुचाकी. शिरवळमधून जाणाऱ्या माणसाला शिरवळ दिसत नाही, दिसतो तो उड्डाणपूल. पुलाखालच्या सर्व्हिस रोडवर ज्याची गाडी बिघडते त्यालाच हे गाव भेटतं. मला आज भेटलंय. कराडहून पुण्याला निघालो होतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस वळण लागतं, तिथं एक खड्डा चुकवला आणि दुसरा नेमका धरला. टायरला बाजूनं लिंबाएवढा फुगा आलाय. माझ्या मापाचा टायर साताऱ्याहून येणाऱ्या टेम्पोत आहे आणि टेम्पो कुठं आहे ते त्या टेम्पोवाल्यालाच माहीत. म्हणून एका जुन्या ट्रकच्या टायरवर वर्तमानपत्र टाकून मी बसलोय, आणि शेडमधल्या मुख्य कार्यक्रमाला फुकटचा प्रेक्षक झालोय.

मुख्य कार्यक्रम म्हणजे हा पिकअप. इसुझूची व्ही-क्रॉस, २०१७ ची, पांढरी, पाटी एमएच-१० म्हणजे सांगलीची. पुढं पाच माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, चारी चाकांना ताकद देणारा ‘फोर लो’ गिअर. सेकंडहॅण्ड घेतलीय, पण धुऊन-पुसून अशी ठेवलीय की हौद्यात आजवर कुणी खताचं पोतंही टाकलं नसावं. मालक पंचविशीचा. काळा टी-शर्ट, कोरलेली दाढी, बोटात किल्ली गरगर फिरतेय. त्याच्याबरोबर त्याचे चुलते आहेत. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी, कपाळाला अष्टगंध. पोरगा त्यांना तात्या म्हणतो, म्हणून दहा मिनिटांत मेस्त्री आणि मीही तात्याच म्हणायला लागलोय.

“किती उचलायची?” मेस्त्री विचारतात.

“चार इंच होईल का?”

“होईल की. मग ती तुमची राहणार न्हाई, माझी होईल. दर म्हयन्याला हितं उभी.” मेस्त्री टेप उघडतात. “दोन करू पुढनं. मागनं एक.”

“मागनं एकच?”

“मागनं ती आधीच उंच हाय. बघा की.” टेप जमिनीपासून चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत जाते. पुढं चौतीस इंच. मागं पस्तीस. “कंपनीनं मुद्दाम ठिवलेलं असतंय. हौद्यात टनभर माल पडला की मागचे पाटे बसत्यात आणि गाडी सपाट हुती. माल भरणार हाय का?”

“कसला माल?” पोरगा खरोखरच गोंधळतो.

मेस्त्री पुढचा प्रश्न तात्यांकडे बघून विचारतात, पण असतो तो पोराला. “फोर लो कधी टाकलाय?”

“एकदा. घेताना. त्यांनी दाखवला होता.”

“मग उचलायची कशापायी?”

पोरगा हसतो आणि लपवाछपवी करत नाही. हे मला आवडतं. “दिसायला, मेस्त्री. यात्रा आलीय.”

यात्रा म्हटल्यावर सगळा उलगडा होतो. चैत्र लागलाय. सातारा-सांगलीतल्या गावांना आता एकामागून एक यात्रा आहेत, आणि हे दोघं खानापूर तालुक्यातले, विट्याच्या बाजूचे. त्या भागातली निम्मी घरं गलाईवर चालतात. पाऊस नाही, पाणी नाही म्हणून तिथली माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायचा, शुद्ध करायचा धंदा घेऊन देशभर पांगली. तामिळनाडूतलं एखादं बाजाराचं गाव असो नाहीतर पंजाबातलं, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात मुशीपाशी बसलेला माणूस मराठीत शिवी देतो तो बहुतेक विट्याच्या आसपासचा. तात्यांची चाळीस वर्षं सेलममध्ये गेलीत. पोरगाही तिथंच वाढला. वर्षातून एकदा, यात्रेला, सगळे आपापल्या गावी येतात. अकरा महिने कुठल्यातरी परक्या गल्लीत ॲसिडच्या धुरात बसलेल्या माणसाला त्या चार दिवसांत गावानं बघायला हवं असतं. पूर्वी गळ्यातल्या गोफाकडं बघत, आता गाडीकडं बघतात. यंदा पोराच्या आत्तेभावानं थार आणलीय म्हणे. काळी.

“तिच्यापेक्षा उंच दिसली पायजे,” पोरगा हळूच म्हणतो, चुलत्यांना ऐकू जाणार नाही इतपत. तात्यांना ऐकू जातं. ते नुसते मान हलवतात.

काम मागून सुरू होतं. पुढच्या चाकांना दगड लागतात, जॅक मागच्या धुऱ्याखाली जातो, मग चॅसीखाली दोन घोड्या. चाकं निघतात. मेस्त्रींचा पोऱ्या, सतरा-अठराचा, उताणा होऊन खाली सरकतो आणि त्याच्या फक्त चपला दिसत राहतात. मी टायरवरून उठून जवळ जातो. बघण्यासारखं ते इथंच आहे.

मागच्या धुऱ्यावर दोन्ही बाजूंना पाट्यांची चवड बसलेली आहे. लोखंडाच्या लांब, वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक, खाली आखूड, वर लांब. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत हे गणित फारसं बदललेलं नाही. ही चवड धुऱ्याला धरून ठेवतात ते यू बोल्ट, प्रत्येक बाजूला दोन. पोऱ्या नटांवर डिझेल मारतो, वाट बघतो, मग रिंग पान्यात हातभर पाईप घालून लोंबकळतो. नट पहिल्यांदा कुरकुरतो आणि नंतर बंदुकीच्या बारासारखा आवाज करून सुटतो. तात्या दचकून टोपी सावरतात.

नट निघाले की मेस्त्री जॅक सावकाश खाली घेतात. धुरा खाली जातो, पाटे तिथंच राहतात, आणि दोहोंच्या मध्ये काळोखाची एक फट उघडते. त्या फटीत मेस्त्री लोखंडी ठोकळा सरकवतात. ठोकळा एमआयडीसीतल्या एका लेथवर करून घेतलेला आहे, एक इंच जाड, मध्ये भोक, एका अंगाला बोंड. पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं ठोकळ्याच्या भोकात आणि ठोकळ्याचं बोंड धुऱ्याच्या भोकात बसायला हवं. मेस्त्री बोटानं चाचपतात. डोळ्यांनी बघत नाहीत. दोनदा बोट आत घालून बाहेर काढतात, तिसऱ्यांदा मान डोलावतात.

“हे बसलं न्हाई आणि वरनं यू बोल्ट आवळलं तर?” मी विचारतो.

“तर धुरा सरकतो. पुढची चाकं पुण्याला आणि मागची भोरला.” ते दुसरा ठोकळा उचलतात. “मी एकाच्या गाडीत लाकडाचा तुकडा घातलेला बघितलाय. बाभळीचा. रंग दिऊन.”

आता जुने यू बोल्ट आखूड पडतात. नवे, इंचभर लांब, तेलकट कागदातून निघतात. आवळताना मेस्त्री समोरासमोरचे नट आळीपाळीनं घेतात, एकदम एकाच बाजूला नाही, आणि दर वेळी पाईपवर आपलं सगळं वजन टाकतात. मोजून आवळायचा पाना शेडमध्ये कुठं दिसत नाही. मोजमाप त्यांच्या कमरेत आहे.

पुढच्या बाजूची गंमत वेगळी आहे. तिथं पाटे नाहीत. दोन त्रिकोणी हात, एक वर एक खाली, आणि मध्ये जाड स्प्रिंग. मेस्त्री पोराच्या हातात दोन जाड चकत्या देतात आणि विचारतात, “किती हाय ही?”

पोरगा बोटानं अंदाज घेतो. “इंचभर.”

“आणि गाडी किती उचलंल?”

“इंचभर?”

“दोन.” मेस्त्रींच्या चेहऱ्यावर शाळामास्तराचं समाधान पसरतं. ते कोपऱ्यातली पहार उचलून एक टोक विटेवर टेकवतात. खालचा हात हा असा, या टोकाला चॅसीला जोडलेला, त्या टोकाला चाक. स्प्रिंग मध्यावर बसलेली. मध्यावर इंचभर ढकललं की टोकाला दोन इंच सरकतं. तरफेचं हे जुनंच गणित, पण पहारीनं समजावलं की समजतं.

“म्हणून हितं जास्त हाव न्हाई करायची,” ते पुढं सांगतात. खाली वाकून रबराच्या घड्या पडलेल्या एका नळीवर बोट ठेवतात. चाकाकडं ताकद नेणारा दांडा त्या नळीतून जातो. आत्तापर्यंत तो जवळजवळ आडवा होता. गाडी वर गेली की तो तिरका होणार, आणि वळताना, उसळताना आणखी तिरका. रबर ताणतं, फाटतं, ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग सांधा वळणावर टकटक वाजायला लागतो. दोन इंचांत हे निभतं. चार इंचांत रबराला दिवाळी दिसत नाही.

पोरगा ऐकतो, पण डोळे मोबाईलवर. तो मला एक रील दाखवतो. कुठल्यातरी अमेरिकन गावात एक भला थोरला पिकअप, पुढून आभाळाला भिडलेला, मागून जमिनीला टेकलेला, असा चाललाय की चालवणाऱ्याला रस्त्याऐवजी ढगच दिसत असावेत. “असं पण करतात, साहेब.” करतात खरं. याच चालीवर उत्तर कॅरोलिना राज्यानं २०२१ पासून बंदी आणलीय, पुढची कमान मागच्यापेक्षा चार इंचांनी वर गेली तर. नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसांना आपल्याकडं कायदा नाही, तिथं गाड्यांना झालाय.

“आपल्याकडं काय कायदा हाय?” तात्या विचारतात. चहा आलाय. काचेचे ग्लास, वर साय. शेडच्या दारात तात्यांना प्लास्टिकची खुर्ची दिलीय, बाकीचे उकिडवे.

मेस्त्री चहा फुंकतात आणि उत्तर देत नाहीत. धंदाच तो आहे, देणार कसं. मग मलाच राहवत नाही. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, आरसी बुकात कंपनीनं दिलेला जो तपशील नोंदलाय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंडही स्पष्ट झाला, बिनपरवाना केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा काय बघणार, ते वेगळं.

तात्या बोटं मोजतात. “पुढचं एक, मागचं एक, टायर एक. पंधरा हजार.” मग पोराकडं वळून, “आरं, घट लय जातीय ह्यात.”

घट हा त्यांच्या धंद्यातला शब्द. सोनं मुशीत टाकलं की जेवढं टाकलं तेवढं परत येत नाही. कीट जळतं, तांबं निघतं, थोडं धुरात जातं. जे उरतं ते खरं, जे गेलं ती घट. चाळीस वर्षं तात्या जगाकडं याच हिशेबानं बघत आलेत.

“तात्या, हौसेला घट नसती,” पोरगा म्हणतो.

मला वाटतं आता तात्या त्याला झापणार. पण ते चहाचा ग्लास खाली ठेवतात आणि भलतंच काढतात. “आमचा बा बैलाची शिंगं तासून घ्यायचा. खरसुंडीच्या जत्रंला न्यायच्या आधी.”

खरसुंडी त्यांच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यात. सिद्धनाथाची यात्रा, खिलार जनावरांचा बाजार. खिलारी बैल म्हणजे पांढराशुभ्र रंग, उभी चण आणि मागं जाऊन वर वळलेली लांब शिंगं. ती शिंगं खरवडून, साळून, दोन्ही सारखी करून, तेल लावून चकचकीत करायची, टोकाला पितळी शेंब्या, गोंडे, पाठीवर झूल. तात्या हवेत दोन्ही हातांनी शिंगांचा आकार काढून दाखवतात आणि हात वरच राहतात. “शिंगं तासली म्हनून बैल काय जास्त ओढत न्हवता. उलट दोन दीस मान टाकून बसायचा. पन बाजारात आमचा बैल आला की मानसं उठून उभी ऱ्हायची.”

“मग?” पोराला आधार मिळतो.

“मग काय. इकला तवा आई रडली.”

यावर कुणी काही बोलत नाही. पलीकडच्या रसवंतीचा घुंगरू तेवढा वाजत राहतो. जरा वेळानं तात्या रस्त्यापलीकडं बघत विचारतात, जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज इथंच ना, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं? मेस्त्री हो म्हणतात. “आमच्या सांगलीचा मानूस,” तात्या म्हणतात आणि उरलेला चहा संपवतात.

बारा वाजायला आलेत. पत्रा तापलाय, वर कावळा चालला तरी ऐकू येतं. नवे टायर निघतात. काळेकुळकुळीत, खोल नक्षीचे, अंगावर रबराचे बारीक केस अजून तसेच, कडेला पांढरी अक्षरं. पांढरी अक्षरं बाहेरच्या बाजूला यायला हवीत हे पोरगा तीनदा सांगतो. जुना टायर २५५/६५ आर १७, नवा २६५/७० आर १७. मला बसल्या बसल्या चाळा सुचतो. मेस्त्रींच्या बिलबुकाच्या पाठीवर मी गुणाकार मांडतो. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. जुन्या टायरचा पूर्ण व्यास येतो ७६३ मिलिमीटर, नव्याचा ८०३. फरक चाळीस. पण धुरा चाकाच्या मध्यावर असतो, म्हणजे तो उचलला जाणार त्याच्या निम्मा, वीस मिलिमीटर.

पाऊण इंच.

मी टेप मागून घेतो आणि गाडीच्या मागं उताणा होतो. शर्टाची काळजी सोडलीय केव्हाच. मागच्या धुऱ्याच्या मध्यावर लोखंडाचा एक भोपळा लोंबतोय, त्यात दातेरी चाकं बसलेली असतात. ही गाडीच्या मागच्या अंगाची सगळ्यात खालची जागा. खडकाळ रस्त्यावर, ओढ्यात, नांगरटीत गाडी अडते ती याच्यावर. आणि हा भोपळा धुऱ्यातच आहे. ठोकळा घातला तो धुऱ्याच्या वर, म्हणजे उचललं गेलं ते वरचं सगळं, चॅसी, हौदा, केबिन, पोरगा. भोपळा होता तिथंच. त्याला जे मिळालं ते फक्त मोठ्या टायरचं, पाऊण इंच.

मी खालूनच ओरडून हे सांगतो. मेस्त्रींचा चेहरा उलटा दिसतो, चाकाच्या कमानीतून. “आत्ता कळलं व्हय साहेब?” ते म्हणतात. “पुढचा गोळा चॅसीला टांगलेला असतोय, त्यो वर जातो. मागचा काय जात न्हाई. ओढ्यात आडकायचं त्ये आडकणारच, फकस्त उंचावरनं आडकंल.”

बाहेर येऊन मी कपडे झटकतो. पोरगा ऐकून घेतो, ‘अच्छा’ म्हणतो, आणि टायरची पांढरी अक्षरं फडक्यानं पुसायला लागतो. त्याला मी काही नवं सांगितलेलं नाही. तो ओढ्यात जाणारच नव्हता. उंचीचंच म्हणाल तर शिरवळचा किल्लासुद्धा भुईकोटच होता, नीरेच्या काठावर, उंची अशी नाहीच. सुभानमंगळ नाव त्याचं. १६४८ साली आदिलशाहीच्या फत्तेखानाच्या स्वारीत तो गेला आणि शिवाजीराजांच्या कावजी मल्हारनं परत घेतला. आज तिथं जाऊन बघावं असं फार काही उरलेलं नाही. उंचीशिवायही लढता येतं याचा पुरावा असा हाताशी आहे, पण तो आज या शेडमध्ये कुणाला लागू पडत नाही.

घोड्या निघतात. जॅक सुस्कारा टाकतो आणि गाडी स्वतःच्या पायावर येते.

आता कबूल करायला हवं. चांगली दिसते. सकाळी ती एक लांबुळकी, नाक किंचित खाली घातलेली मालगाडी होती. आता मान वर आलीय, कमानी भरून टायर दिसताहेत, चारी पाय रोवल्यासारखी उभी आहे. दोन-पावणेतीन इंचांनी एवढा फरक पडावा हे चमत्कारिकच. सर्व्हिस रोडवरून जाणारा एक टमटमवाला वेग कमी करून बघतो. दोन शाळकरी पोरं सायकली थांबवतात. पोरगा गाडीकडं बघत नाही, तो त्या पोरांकडं बघतोय.

मेस्त्री शटर खाली ओढतात.

“डीम लावा.”

उजेडाची कड शटरवर उमटते. सकाळची रेघ तिच्या वीतभर खाली, उजेडात बुडालेली. गाडीचं नाक वर गेलं तसे दिवेही वर बघायला लागलेत. शटरवर वीतभर, म्हणजे पन्नास पावलांवर समोरच्याच्या डोळ्यांत. हा अनुभव मी घेतलाय. खंबाटकीच्या घाटात, रात्री, मागून अशीच एक उंच गाडी आली आणि माझ्या आरशात दिवस उजाडला. वळण कुठं संपतं ते मला त्या चार सेकंदांत दिसलं नाही. ती गाडी निघून गेली. चालवणाऱ्याला काही कळलंही नसेल.

मेस्त्री बॉनेट उघडून दिव्यामागचा स्क्रू फिरवतात. कड थरथरत खाली येते. पोरगा विचारतो, “थोडी वर राहिली तर चालेल ना? लांबचं दिसतं.”

“तुमाला दिसतंय. समोरच्याचं काय?” कड रेघेवर येऊन टेकते तेव्हाच मेस्त्री हात काढतात.

मग सूचना. इथून दोन दुकानं सोडून अलाईनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका अंगानं खाल्ले जातील. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळायला कुठंही थांबा, पण थांबा. काटा ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीनं चाललेली असेल, टायर मोठा झालाय. डिझेल थोडं जास्त खाईल. “आणि वळणावर जपून. चाकांतलं अंतर वाढल्यालं न्हाई, उंचीच तेवढी वाढलीय. परत पुण्याकडं याल तवा बोगद्यानंतरचं एस वळण आधीच्या वेगानं घिऊ नगा.” हे शेवटचं वाक्य ते पोराला सांगत नाहीत, तात्यांना सांगतात.

पैसे मोजले जातात. माझा टेम्पो अजून आलेला नाही.

पोरगा टुणकन उडी मारून आत बसतो. तात्या त्यांच्या बाजूचं दार उघडतात आणि थांबतात. एक हात दाराला, एक हात सीटला. उजवा पाय उचलतात. पाऊल उंबरठ्याच्या चार बोटं खाली राहतं. पायजमा गुडघ्याशी ताणतो. पुन्हा प्रयत्न. या गाडीला बाजूला पायरी होती, तिचे बोल्ट लावायच्या जागा अजून ताज्या दिसताहेत.

“पायदान कुठाय रं?”

“काढलं, तात्या. त्यानं खालनं लुक जातोय.”

“आणि तुझी आजी कशी चढायची? तिला देवाला न्यायचंय म्हनून गाडी घेतली न्हवं?”

पोरगा उतरून येतो, तात्यांच्या काखेत हात घालतो. तात्या हात झटकतात. चाळीस वर्षं परमुलखात कुणाचा हात न धरता काढलेली माणसं अशी हातभार लावून आत बसत नसतात, निदान चार परक्यांसमोर तरी. मेस्त्री पोऱ्याला नुसती खूण करतात. पोऱ्या आतून दुधाच्या पिशव्यांचा निळा क्रेट आणतो, ज्याच्यावर बसून त्यानं सकाळपासून नट पुसले होते, आणि दाराशी पालथा घालतो. तात्या त्यावर पाय ठेवतात, दुसरा पाय आत, टोपी छताला लागते, ती काढून मांडीवर घेतात. बसतात.

आणि बसल्या जागेवरून खाली वाकून क्रेटकडं बोट दाखवतात.

“ह्यो कितीला?”

“न्या असाच,” मेस्त्री म्हणतात.

पोऱ्या क्रेट उचलून हौद्यात टाकतो. पांढऱ्या, घासूनपुसून लख्ख केलेल्या, आजवर कशालाच न शिवलेल्या हौद्यात तो निळा क्रेट, तेलाचे डाग पडलेला. पोरगा आरशात बघतो आणि त्याचा चेहरा पडतो.

“तात्या, मागच्या सीटखाली ठेवू या का? वरनं दिसतोय तो.”

“ऱ्हाऊ दे तिथंच. उतरायचं बी हाय मला.”

गाडी सुरू होते, सर्व्हिस रोडला लागते, पुलाखालून साताऱ्याच्या दिशेला वळते. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर पुढची चाकं डौलात चढतात, मागची उतरतात, आणि रिकाम्या हौद्यात क्रेट एकदा या कडेला, एकदा त्या कडेला आपटतो. तो आवाज पुलाखाली घुमून इथवर येतो. मेस्त्री ओलं फडकं घेऊन शटरवरची खडूची रेघ पुसायला लागतात.